घनफळ

आठवीच्या वर्गात मी घनफळ शिकवते.
लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची.
पाण्याची टाकी, खोकं, वीट.
सूत्र एकदा डोक्यात बसलं की जात नाही, असं म्हणायचे.
आता म्हणत नाही.

मे महिन्यात, धरणगावहून जळगावला जाताना
पाळधीच्या फाट्यावर बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं,
“कुठे चाललो आपण?”
बाहेर पंचेचाळीस, आणि यंत्राच्या खोलीत इतका गारवा
की त्यांनी शाल मागितली,
फक्त शालीला ‘ते... अंगावरचं... ते’ म्हणाले.

फिल्म उजेडावर धरली तेव्हा
मला काळ्या टरफलात फुटलेलं बोंड दिसलं,
पांढरं, कळ्याकळ्यांचं, कडेला थोडी मोकळी जागा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वयाच्या मानाने फार आकसलेला नाही.”
मी सुटकेचा श्वास घेतला. मूर्खासारखा.
बाबा स्वतःच्याच डोक्याच्या फोटोकडे बोट करून
विचारत होते, “हा कुठला माल?”

श्रावणात केवळआत्या बसस्टँडवर पडली.
चौऱ्याऐंशी वर्षं, बाबांहून नऊने मोठी,
कपाळाला टेंगूळ, म्हणून तिचाही फोटो काढला.
केवढा काळोख त्यात!
कवटी आणि मेंदूच्या मधे
नांगर फिरावा तसे चर.
डॉक्टरीणबाई फिल्मवरचं नाव पुन्हा पुन्हा तपासत राहिल्या
आणि खाटेवरून आत्या मला सांगत होती
भिशीत कुणाचे किती थकले,
रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त कसे घेतले,
आणि माझ्या लग्नात तिला नेसवलेल्या लुगड्याचा काठ
ठरल्यापेक्षा बोटभर अरुंद होता.

मग घनफळाचं काय? मी विचारलं,
फळ्यावरचं गणित चुकल्यासारखी.
त्या म्हणाल्या, हजार माणसं मोजली
तर मेंदू आटतो तशी आठवण ढासळते, हे खरं.
पण हजारांचा तो उतार
एकाच्या दाराशी येईलच असं नाही.
किती गेलं, याहून कुठून गेलं ते बघायचं.
पेनाच्या टोकाने त्यांनी दाखवली
बाबांच्या दोन्ही कानांच्या आत, खोल,
करंगळीएवढी जागा. झिजलेली.
“आणि तुमच्या आत्यांनी काय साठवून ठेवलंय
ते या यंत्रात येत नाही.”
मला वाटलं, शिक्षण. पण आत्या शाळेची पायरी चढली नाही.
मॅट्रिक झाले ते बाबा.

जिनिंगमध्ये ग्रेडर होते. एकतीस हंगाम.
लहानपणी मला रुईच्या ढिगाजवळ न्यायचे,
पत्र्याला टेकलेला ढीग,
मग प्रेसमधून निघालेली गाठ दाखवायचे,
पट्ट्या आवळलेली, मी वर बसू शकेन एवढी.
“ढीग पाहून भाव करायचा नसतो, पोरी.”
हे मी डॉक्टरीणबाईंना सांगणार होते.
नाही सांगितलं.
आत्यासाठी ते चाललं असतं.
बाबांचं काही दाबून बांधलं गेलं नव्हतं.
ते उडत होतं, पंख्यासमोरच्या रुईसारखं,
आणि आम्ही दारं लावत फिरत होतो.

काल संध्याकाळी ओट्यावर त्यांनी मला विचारलं,
“तू कोनी पोर शे व माय?”
अहिराणीत. माझ्याशी ते कधी अहिराणी बोलले नाहीत,
शिकलेली मुलगी म्हणून.
मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली,
अनोळखी व्यापाऱ्यापुढे हलवावी तशी, अदबीने.
मग गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून
चिमूटभर कापूस काढला,
दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, जुळवला, पुन्हा ओढला,
उरलेले तंतू काळ्या बाहीवर मांडून डोळे बारीक केले.
“अठ्ठावीस,” म्हणाले. “पण जुना आहे. तुटतो.”

मी कंपासपेटीतली पट्टी घेऊन आले
आणि ती मांडीवरच राहिली.
आतून, भाकरी थापता थापता, आत्या ओरडली,
“सुकलाल, चष्मा लाव पहिले. सत्तावीस व्हई.”